कानटोपीची सुट्टी

१

कानटोपीचे कपडे गच्चीवरच्या दोरीवर तसेच पडून होते, आणि घरमालकिणीला तिथे आपली पांघरुणं वाळत घालायची होती. तिचा पारा चढला. जागा भाड्यानं दिली म्हणजे गच्ची आंदण दिली की काय, असं पुटपुटत ती त्याच्या खोलीशी गेली. दार वाजवलं, मग ढकललं, आणि तोंडातले शब्द तोंडातच राहिले. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोक्यावर कानटोपी होती आणि पायांत चपला तशाच होत्या.

कोल्ड स्टोरेजमध्ये पोती रचणारा हा माणूस बारा महिने कानटोपी घालायचा, म्हणून सगळे त्याला त्याच नावानं हाक मारायचे. खरं नाव काय, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घरमालकिणीला भाड्याची पावती शोधावी लागली. डॉक्टरांनी 'हृदय बंद पडून मृत्यू' असं लिहिलं आणि ते निघून गेले. ते लिहायला डॉक्टर कशाला हवा होता, हे कुणी विचारलं नाही. बाकीच्या भाडेकरूंनी आपला निकाल आधीच देऊन टाकला होता. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्याला जिन्यात झोकांड्या खाताना पाहिलेलं होतं, डोळे लालबुंद होते, आणि पूर्वी तो प्यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. दारूनं गेला, असं ठरलं. रडायला कुणी नव्हतं, त्यामुळे अंत्यविधीही चटकन उरकला.

आठवडा उलटायच्या आत त्याची मुलगी कामगार सुरक्षा कार्यालयात निरीक्षकबाईंच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

निरीक्षकबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. नवरा कधीचाच वेगळा झाला होता आणि मुलगा सातासमुद्रापार होता. फिरतीच्या नोकरीत त्यांचा अख्खा संसार एका बॅगेत मावायचा, आणि विश्रामगृहाच्या खोलीत शिरताना त्या दिवा लावायच्या आधी मोठ्यानं 'आले ग बाई' म्हणायच्या. ऐकायला कोणी नसायचं, पण सवय लागली होती.

"बसा," त्या म्हणाल्या.

मुलगी बसली नाही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची तिला सवय असावी.

"सगळे म्हणतात बाबा पिऊन मेले. मी त्यांची खोली पाहिली मॅडम. बाटली नाही. रिकामीसुद्धा नाही. दारुड्याच्या घरात वाढलेय मी. बाटली कुठे कुठे लपवतात ते मला विचारा. कणग्यात, गादीत, पाण्याच्या टाकीत, सगळं उपसलं."

"तुम्ही त्यांच्याबरोबर राहत नव्हता?"

"आई गेली त्या दिवशी ते पिऊन पडले होते. मी तेव्हाच घर सोडलं. पुढे त्यांचे निरोप यायचे, सोडली म्हणून. मी विश्वास ठेवला नाही."

"आणि आता ठेवता?"

"नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले. ते प्यायले होते, की कारखान्यात काही झालं होतं? जे असेल ते सांगा. पण नक्की सांगा."

तिनं वडिलांच्या खिशातल्या वस्तूंची पिशवी टेबलावर उलटी केली. किल्ली, कंगवा, आणि नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला. बाईंनी बिल्ला उचलून उजेडात धरला. त्याच्या कडा आणि कोरलेला आकडा निळसर हिरवा झाला होता.

पितळ मळतं, काळवंडतं. असं निळं पडायला त्याला वेगळं काहीतरी लागावं लागतं. आणि कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी तयार करायला जो वायू वापरतात, तो अमोनिया नेमकं हेच करतो.

२

कोल्ड स्टोरेजच्या त्या कारखान्याच्या फाटकावर भलामोठा फलक होता, 'अपघाताविना गेलेले दिवस'. खालचा आकडा रोज बदलत असावा, कारण त्याचा रंग ताजा होता. बाईंनी फलकाकडे पाहून नाक मुरडलं आणि त्या आत गेल्या.

व्यवस्थापक तरुण, गुळगुळीत दाढीचा आणि अति नम्र होता. बाईंना अति नम्र माणसांचा मनस्वी कंटाळा होता.

"फार वाईट झालं मॅडम. चांगला माणूस. पण त्या दिवशी सुट्टी होती. सगळ्या कारखान्यालाच सुट्टी होती."

"कामावर कुणाला इजा झाली, कामानं कुणाला आजार जडला, तर त्याची नोंद करायची आणि आम्हाला कळवायचं. हे काम मालकाचं आहे. कामगारानं सांगितलं नाही, ही सबब चालत नाही."

"माहीत आहे ना. म्हणून तर आमचं रजिस्टर इतकं स्वच्छ आहे."

"एवढी माणसं थंडीत पोती वाहतात आणि वर्षभरात कुणाचं बोटसुद्धा चेमटत नाही? इतकं स्वच्छ रजिस्टर पाहिलं की माझी झोप उडते."

व्यवस्थापक हसला. "आम्ही काळजी घेतो. आणि सुट्टीच्या दिवशी कामगार कुठे पडतो, धडपडतो, ते कळवायला आम्ही काही त्याचे आईबाप नाही."

बाईंनी बिल्ला पुढे केला. व्यवस्थापकानं तो हातात घेतला नाही.

"दमट हवेनं होतं असं."

"मग बाकीचे बघू या."

थंड खोलीच्या जाड दाराशेजारी खिळ्यांची रांग होती. आत जाणारा प्रत्येक जण आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आला की काढून खिशात टाकायचा. बिल्ला लटकत असेल तोवर दाराला कडी घालायची नाही, असा नियम होता; कुणी आत कोंडला जाऊ नये म्हणून. आत त्या वेळी माणसं काम करत होती आणि त्यांचे बिल्ले बाहेर लटकत होते. बाईंनी एकेक उलटून पाहिला. सगळे मळके, पिवळट, काही तेलकट. निळा एकही नव्हता.

"हवा तर सगळ्यांना सारखीच," बाई म्हणाल्या.

व्यवस्थापकानं घड्याळाकडे पाहिलं.

"सुट्टीच्या दिवशी इथे कोण असतं?"

"थंडी बंद ठेवता येत नाही, म्हणून यंत्रघरात एक ऑपरेटर असतो. जुना माणूस आहे. एकटाच. फाटकाला आतून कुलूप असतं."

"आणि किल्ली?"

"त्याच्याकडेच."

म्हणजे कानटोपी त्या दिवशी इथे आला असेल, तर त्याला आत घेणारा एकच माणूस होता. आणि तो माणूस आजवर काही बोलला नव्हता.

३

यंत्रघराकडे जायच्या आधी बाई घरमालकिणीकडे गेल्या. ज्याला काही लपवायचं आहे त्याच्याकडे रिकाम्या हातानं गेलं, की तो साक्ष शिवून, इस्त्री करून पुढे ठेवतो, असा त्यांचा अनुभव होता. घरमालकिणीला मात्र कुणीतरी विचारायचीच खोटी होती.

"अहो, मी स्वतः पाहिला ना. हात भिंतीला, पाय एक इकडे एक तिकडे. डोळे असे सुजलेले. मी म्हटलं, झालं, पुन्हा सुरू झालं याचं."

"बोलला काही?"

"घसा पार बसला होता. कायतरी घोगरं बोलला, मला कळलं नाही. कळून घ्यायला मी थांबलेही नाही, खरं सांगते."

"दारूचा वास आला?"

घरमालकीण उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच राहिली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिनं स्वतःलाही विचारला नव्हता.

"वास आला," ती सावकाश म्हणाली. "पण दारूचा नाही. केसांना लावायचा काळा रंग असतो ना, तो पुडा फोडला की नाकात शिरतो तसा. जिनाभर पसरला होता. मला तर हसू आलं. म्हटलं, या वयात केस रंगवतोय, आणि ते कानटोपीखाली."

"हे आधी कुणाला सांगितलंत?"

"केसाच्या रंगाचं काय सांगायचं? आणि मेलेल्या माणसाची चेष्टा कशाला करायची?"

केसांच्या रंगाला तो उग्र दर्प अमोनियाचाच असतो, हे बाईंना ठाऊक होतं.

घरमालकिणीनं खोली दाखवली. खाट, स्टोव्ह, भिंतीला एक आरसा. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. त्यांना या खोलीत आत पाऊल टाकवेना, कारण ती त्यांच्या विश्रामगृहाच्या खोलीसारखीच होती. एका माणसाला लागेल तेवढंच सगळं. एक ताट, एक पेला, एक उशी.

"पाहुणे यायचे का कुणी?"

"कुणी नाही. सुट्टीचा दिवस त्याला खायला उठायचा. सकाळी बाहेर पडायचा तो अंधार पडायला परत. कुठे जायचा कोण जाणे. जाताना मात्र दूध घेऊन जायचा."

"दूध?"

"हो. ताजं दूध, छोट्या किटलीत. आपल्या घरी चहा करायचा नाही कधी, पण दर सुट्टीला दूध मात्र घेऊन जायचा."

४

यंत्रघर म्हणजे एक लांबलचक खोली होती. यंत्रांच्या घरघरीत बोलायचं तर जवळ जावं लागायचं. ऑपरेटर वाळकुडा आणि हसतमुख होता. बाई आल्या तेव्हा तो तबकड्यांवरच्या काट्यांकडे टक लावून बघत होता, आणि बोलतानाही त्याची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जायची.

"या मॅडम. चहा घेणार ना? इथे कुणी येत नाही. आलेल्याला मी चहाशिवाय सोडत नाही."

त्यानं भिंतीजवळची दोन स्टुलं ओढली. एकाची बैठक धुळकट होती आणि दुसऱ्याची बसून बसून चकचकीत झालेली.

"तुम्ही या धुळकट स्टुलावर बसता?" बाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे, मी बसतच नाही फारसा."

"मग त्या दुसऱ्यावर कोण बसतं?"

"कुणी नाही." तो चहाकडे वळला.

बाईंनी खोलीवर नजर फिरवली. खिडकीच्या कट्ट्यावर अर्धवट जळलेल्या गंधकाच्या कांड्यांचा ढीग होता. त्यांना ती रीत ठाऊक होती. अमोनिया गळतोय असा वास आला की ऑपरेटर गंधकाची कांडी पेटवून नळीच्या सांध्यांवरून फिरवतो. जिथे गळती असेल तिथे कांडीचा धूर एकदम पांढरा आणि दाट होतो. पण एवढ्या कांड्या? कुणीतरी तासातासाला पेटवत असावं तसा तो ढीग होता.

"गळती फार होते वाटतं?"

"नाही नाही. आपली खातरजमा."

चहा आला. कप तोंडाजवळ नेताच बाई थबकल्या. दूध नासलेलं होतं, आणि तेही आजचं नव्हे. आंबूस वास त्यांच्या थेट डोक्यात गेला. ऑपरेटर समोर उभा राहून घोट घोट चहा पीत होता. चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नव्हती.

"साखर बरोबर आहे ना?" त्यानं आपुलकीनं विचारलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि कप खाली ठेवला. "दूध कधीचं आहे?"

"कधीचं म्हणजे?" तो गडबडला. "आणलेलं आहे... इथेच होतं."

"कानटोपी त्या दिवशी इथे आला होता?"

"नाही," तो म्हणाला. तो काट्याकडे बघत होता. "सुट्टी होती त्याची. कशाला येईल?"

या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याचे डोळे भरून आले होते, आणि खोलीत अमोनियाचा मागमूसही नव्हता.

५

कारखान्याचा दवाखाना म्हणजे एक पडदा, एक खाट आणि एक सिस्टर. सिस्टरला बाईंना पाहून आनंद झाला नाही.

"मला नोकरी टिकवायची आहे," तिनं आधीच सांगून टाकलं.

"मी तुमचं नाव विचारलेलं नाही. ऑपरेटर लोकांची तपासणी कशी करता, एवढं सांगा."

"डोळे, कान, छाती. आणि नाक."

"नाक कसं?"

"दोन बाटल्या असतात. एकात पाणी, एकात अमोनियाचं पाणी, अगदी पातळ. डोळे मिटून हुंगायचं आणि वासाची कोणती ते सांगायचं."

"यंत्रघराचा जुना ऑपरेटर पास झाला?"

सिस्टरनं पडदा नीट केला. तो नीटच होता.

"दर वेळी बरोबर सांगायचा," ती म्हणाली. "आणि दर वेळी त्याच्या मागे रांगेत कानटोपी उभा असायचा. मी वासाची बाटली पुढे केली की कानटोपी खाकरायचा. पहिल्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या खेपेला मी कानटोपीला बाहेर काढलं. तेव्हा ऑपरेटरनं दोन्ही बाटल्या हुंगल्या आणि माझ्याकडे पाहत राहिला. लहान मुलासारखा. म्हणाला, सिस्टर, दोन्हींत पाणीच आहे ना?"

"तुम्ही काय केलंत?"

"वर सांगितलं. व्यवस्थापकांना. आयुष्यभर हा वायू हुंगून त्याचं नाक गेलंय, हा कामाचा आजार आहे, नोंद करायला हवी म्हटलं. ते म्हणाले, सर्दी असेल. नोंद केली तर चौकशी येते, फलकावरचा आकडा जातो. मग मी 'पास' लिहिलं. बाई, हे मी कुठेही सही करून देणार नाही. विचारलंत तर नाही म्हणेन."

बाई उठल्या. दूध, स्टूल, कांड्या आणि एका मेलेल्या माणसाचं खाकरणं. सगळं एका रांगेत आलं होतं, आणि त्या रांगेच्या टोकाला काय आहे हे बघायची त्यांना इच्छा होत नव्हती.

६

त्या यंत्रघरात परत गेल्या आणि न विचारता चकचकीत स्टुलावर बसल्या.

"हे त्याचं स्टूल," त्या म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी तो घरातून दूध घेऊन निघायचा आणि इथे यायचा. तुम्ही मला दिलेला चहा त्यानं शेवटचं आणलेल्या दुधाचा होता. ते नासलंय हे तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्हाला वासच येत नाही."

ऑपरेटरनं दुधाचं भांडं नाकाजवळ नेलं आणि खाली ठेवलं.

"दुसऱ्या ऑपरेटरला गळती नाकानं कळते आणि जागा सापडायला तो कांडी पेटवतो. तुम्हाला मुळात गळती आहे की नाही हेच कळत नाही, म्हणून तुम्ही एकटे असलात की सारख्या कांड्या जाळता. इतर दिवशी आसपास माणसं असतात, कुणीतरी ओरडतं. सुट्टीला कुणी नसतं. म्हणून तो यायचा. वास घ्यायला."

"त्याला घरी करमायचं नाही," ऑपरेटर एकदम म्हणाला. "मी कधी बोलावलं नाही हो. तोच म्हणाला, तुझ्याकडे नाक नाही आणि माझ्याकडे घर नाही, बसू दोघं. दिवसभर त्या स्टुलावर बसायचा. पोरीबद्दल बोलायचा. मध्येच उठून चक्कर मारायचा, हुंगायचा, आणि परत येऊन म्हणायचा, सगळं ठीक आहे, घाल चहा."

"आणि त्या दिवशी?"

"त्याला यायला उशीर झाला. पोरीला फोन करावा की नाही याचा विचार करत बसला होता, असं नंतर म्हणाला. मी थंड खोलीच्या आतल्या झडपेकडे निघालो होतो. मला काही जाणवत नव्हतं. डोळे झोंबायला लागले की मला कळतं, पण तोवर माणूस पुरता आत गेलेला असतो. तो येणार म्हणून फाटकाचं कुलूप काढून ठेवलं होतं, तेवढ्यात तो गॅस, गॅस ओरडत फाटकातनं आला. मला धरून मागे फेकलं. मीच जातो म्हणालो तर म्हणे, तुला कुठे गळतंय ते कळणार आहे का? रुमाल ओला करून तोंडाला बांधला आणि आत गेला. जाताना बिल्ला खिळ्याला अडकवला, मॅडम. तशा घाईतसुद्धा. हाताला सवयच ती."

खिळा दाराला लागून होता आणि गॅस दारातूनच बाहेर येत होता. बिल्ला निळा पडला त्याचं उत्तर मिळालं.

"झडप बंद करून बाहेर आला. डोळे धुतले. खोकला. आवाज बसला होता. मी म्हटलं दवाखान्यात चल. तर म्हणाला, मग कुठे लागलं ते विचारतील, तू इथे एकटा काय करत होतास विचारतील, तुझं नाक गेल्याचं बाहेर येईल. बोलू नकोस कुणाला. मी घरी जाऊन पडतो, सकाळपर्यंत उतरेल." ऑपरेटर रडायला लागला, उभ्या उभ्या, काट्यांकडे बघत. "मी त्याला एकटं सोडलं. यंत्र चालू होतं, मला जाता येत नव्हतं."

हा वायू छातीत गेला की लगेच मारतोच असं नाही. माणूस चालत घरी जातो, जिना चढतो, आणि मग सावकाश त्याच्या फुप्फुसांत पाणी भरत जातं. बाईंनी हे पूर्वीही पाहिलं होतं. सुजलेले डोळे, बसलेला आवाज, जाणारा तोल. दारू न पिता दारुड्याची सगळी लक्षणं.

"हे मला लिहून हवंय," त्या म्हणाल्या.

"उद्या देतो," ऑपरेटर म्हणाला. "शपथेवर देतो."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकानं बाईंच्या टेबलावर एक कागद ठेवला. ऑपरेटरनं सही केली होती. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात आपल्याखेरीज कुणीही आलेलं नव्हतं, असं त्यात लिहिलं होतं.

"गरीब माणूस आहे, घाबरून काहीबाही बोलला असेल," व्यवस्थापक नम्रपणे म्हणाला. "निवृत्तीपर्यंत त्याला आम्ही सांभाळून घेणारच आहोत."

७

बाईंनी मुलीला बोलावून घेतलं आणि या वेळी ती बसली. बाईंनी तिला सगळं सांगितलं, घरमालकिणीला आलेल्या केसांच्या रंगाच्या वासापासून ऑपरेटरच्या रडण्यापर्यंत.

"म्हणजे ते प्यायले नव्हते," शेवटी मुलगी म्हणाली.

"नाही. थेंबही नाही. हे तुम्हाला कळलं, मला कळलं. पण कागदावर काहीच उरलेलं नाही. ऑपरेटर फिरला, सिस्टर बोलणार नाही, बिल्ला दमट हवेनं निळा झाला म्हणतात, वास कुणी जपून ठेवलेला नाही. कारखान्याला मी 'कळवा' म्हणून सांगू शकते, पण ते म्हणतील कळवायला काही घडलंच नाही. आणि ऑपरेटर पुढच्या सुट्टीला पुन्हा तिथे एकटा बसेल." बाईंना स्वतःची चीड आली होती. "कारखान्याबाहेरच्या एका माणसाला जरी त्यानं त्या दिवशी हे सांगितलं असतं, तर मी सगळं उलथवलं असतं. पण त्याला सांगायला होतं कोण?"

मुलगी आपल्या हातांकडे बघत होती. बाहेर शिपाई खुर्च्या सरकवत होता.

"मी होते," ती म्हणाली.

बाईंनी मान वर केली.

"त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. आवाज घोगरा, शब्द ओढत ओढत. पोरी, म्हणाले, आज मी एक चांगलं काम केलं. गॅस भरला होता, मी आत गेलो, माझ्या मित्राला वाचवलं. आणि खोकायला लागले. मला वाटलं, प्यायल्यावर असंच काहीतरी मोठमोठं बोलायचे पूर्वी. मी म्हटलं, बाबा, तुमची चांगली कामं मला माहीत आहेत. आणि ठेवला. ते खोकत होते तेव्हाच ठेवला."

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ते खरं आहे असं धरावं लागलं असतं. मला आधी तुमच्याकडून ऐकायचं होतं की ते प्यायलेले होते. मी तेवढ्यासाठीच आले होते."

बाईंना उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण असं कुणाजवळ जायची त्यांची सवय मोडून जमाना झाला होता. त्या टेबलाच्या अलीकडेच राहिल्या.

"फोनची नोंद टेलिफोन कंपनीकडे सापडेल," त्या म्हणाल्या. "तुमचा जबाब आणि ती नोंद, एवढ्यानं यंत्रघर बंद करता येईल. फोन दाखवला की ऑपरेटरही पुन्हा बोलेल, आणि व्यवस्थापकाला ऑपरेटरच्या गेलेल्या नाकासकट सगळं कळवावं लागेल. तुमचे बाबा कामाच्या जागी झालेल्या अपघातानं गेले असं लिहिलं जाईल. पण तुम्ही फोन ठेवलात हेही लिहावं लागेल. का ठेवलात ते विचारतील, भर चौकशीत, परक्या माणसांसमोर. हा कागद कायम राहील. तुम्ही नको म्हणालात तर मी ऐकलंच नाही."

"बाबांनी मित्राचं नाक लपवलं," मुलगी म्हणाली. "त्यात ते गेले. मी माझं कशाला लपवू?"

बाईंनी अपघाताच्या खबरीचा छापील नमुना काढला. खरं तर तो कारखान्यानं भरायचा असतो, पण कारखाना भरत नसेल तर निरीक्षकानं भरावा अशी सोय आहे. मृताचं नाव मुलीनं सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. धंदा, ठिकाण, कारण, सगळं भरून झालं. मग बाईंची लेखणी एका रकान्यावर थांबली. आजवर तिथे त्यांनी मुकादम, पर्यवेक्षक, मालक असंच काही लिहिलं होतं. हा रकाना आपण न विचारताच भरून टाकावा, असं त्यांना वाटलं. पण मुलगी कागद उलटा वाचत होती.

"वाचा ना," ती म्हणाली.

"अपघाताची खबर," बाईंनी वाचलं, "सर्वप्रथम कोणाला मिळाली?"

"मला," मुलगी म्हणाली.